डिझेलचे एक मिनिट : हीटर प्लग, रिले आणि लपणारा दोष

१/
"डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही" हे वाक्य आपण सर्वांनी शाळेत पाठ केलेले असते. पेट्रोल इंजिनात स्पार्क प्लग असतो, डिझेलमध्ये नसतो. दाबामुळे तापलेल्या हवेत इंधन आपोआप पेट घेते. वाक्य खरे आहे, परंतु ते चालू असलेल्या, तापलेल्या इंजिनाविषयीचे आहे. थंडीच्या सकाळी जुन्या जीपची चावी अर्धी फिरवून 'हीटर' तापण्याची वाट पाहणाऱ्या चालकाला त्या वाक्यातली गळलेली अट ठाऊक असते.

२/
आजचा धागा त्या गळलेल्या अटीचा. लांब आहे, सवडीने वाचावा. डिझेल इंजिनाचा इतिहास बहुधा संशोधकाच्या चरित्रातून सांगितला जातो. मला तो एका क्षुल्लक वाटणाऱ्या प्रश्नातून सांगायचा आहे : थंड इंजिन चालू कसे करायचे, आणि ते चालू झाले नाही तर दोष नेमका कुठे शोधायचा? सव्वाशे वर्षांत या प्रश्नाची उत्तरे अनेकदा बदलली, आणि दर बदलाबरोबर दोषाने आपली लपण्याची जागाही बदलली.

३/
आधी थोडे भौतिकशास्त्र. सायकलला हवा भरताना पंपाचे टोक गरम होते, तेच तत्त्व येथे आहे. हवा वेगाने आणि पुष्कळ दाबली की ती तापते. मात्र सिलिंडरची भिंत थंड असेल तर ही उष्णता लोखंड शोषून घेते. इंजिन जितके लहान, तितके आतल्या हवेच्या मानाने भिंतीचे क्षेत्रफळ अधिक. म्हणजे उष्णतेची गळतीही अधिक. त्यात थंडीने बॅटरी मंदावलेली, वंगण घट्ट झालेले, त्यामुळे स्टार्टर इंजिन हळू फिरवतो. पिस्टन हळू वर आला की दाबली जाणारी हवा कडांतून निसटायला आणि थंड व्हायला आणखी वेळ मिळतो. इंधन फवारले जाते, पण पेट घेत नाही.

४/
रुडॉल्फ डिझेलने १८९२ साली पेटंटसाठी अर्ज केला आणि पुढल्या वर्षी ते त्याला मिळाले. आउग्सबुर्गच्या यंत्रकारखान्यात १० ऑगस्ट १८९३ रोजी पहिल्या प्रायोगिक इंजिनाची चाचणी झाली. हे इंजिन स्वतःच्या बळावर चालू झालेले नव्हते. कारखान्याच्या पट्ट्याने ते फिरवले जात होते. आत पेट्रोल फवारताच स्फोट झाला आणि दाब मोजणाऱ्या उपकरणाच्या ठिकऱ्या उडाल्या. इंधन आपोआप पेटते एवढे सिद्ध झाले. इंजिन 'चालते' हे सिद्ध व्हायचे होते.

५/
ते घडले १७ फेब्रुवारी १८९४ रोजी. त्या दिवशी इंजिन प्रथमच स्वतःच्या शक्तीने फिरले, आणि फिरले ते सुमारे एक मिनिट. हे एक मिनिट लक्षात ठेवावे. पुढे ते वेगळ्याच अर्थाने परत येणार आहे.

६/
१८९७ मध्ये प्राध्यापक मोरिट्झ श्रोटर यांनी तपासलेले इंजिन मात्र खरेखुरे यशस्वी होते. इंधनातील सुमारे २६ टक्के ऊर्जा ते कामी लावत होते, आणि तत्कालीन वाफेच्या यंत्रांच्या तुलनेत हा आकडा थक्क करणारा होता. पण माणसापेक्षा उंच, कित्येक टन वजनाचे असे हे धूड होते. त्याला आधीच साठवलेल्या दाबाखालच्या हवेने गती देऊन चालू करीत. वीजगृहात किंवा जहाजावर हे सहज शक्य होते. हवेच्या टाक्या ठेवायला जागा होती, झडपा उघडायला पगारी माणसे होती, आणि एकदा चालू झालेले इंजिन दिवसेंदिवस बंद करण्याची गरज नव्हती. थंड सकाळीची अडचण ही मुळात लहान इंजिनाची, आणि ते रोज रात्री बंद करणाऱ्या लहान माणसाची अडचण आहे.

७/
त्या लहान माणसाचा विचार इंग्लंडात डिझेलच्याही आधी झाला होता. हर्बर्ट अक्रॉइड स्टुअर्टने १८९० साली एका वेगळ्या तेल-इंजिनाचे पेटंट घेतले आणि ग्रँथमच्या हॉर्न्सबी कंपनीने ते बाजारात आणले. या इंजिनाच्या डोक्यावर लोखंडाचा एक पोकळ गोळा असे. ब्लोलॅम्पच्या ज्योतीने तो काही मिनिटे तापवायचा, मग चक्र हाताने फिरवायचे. तेलाचा फवारा त्या तप्त गोळ्यावर पडून पेटायचा. पुढे इंजिन चालत राही, तोवर आतल्या ज्वलनानेच गोळा तापलेला राही.

८/
या पद्धतीचा सर्वांत प्रसिद्ध वारस म्हणजे १९२१ साली मानहाइम येथील हाइनरिश लान्झ कंपनीने आणलेला 'बुलडॉग' ट्रॅक्टर. फ्रिट्झ हुबर या अभियंत्याची ही रचना. शेतकरी पुढचा गोळा दिव्याने तापवी, मग ट्रॅक्टरचे स्टीअरिंग दांड्यासकट उपसून बाजूच्या चक्रात अडकवी आणि त्याने इंजिन फिरवी. युरोपात जुन्या ट्रॅक्टरांच्या मेळाव्यांत आजही हा सोहळा पाहायला गर्दी होते.

९/
येथे एक गोष्ट नोंदवतो. बुलडॉग चालू झाला नाही तर कारण शोधण्यासाठी कोणत्याही उपकरणाची गरज नसे. ज्योत नीट आहे की नाही, गोळ्याचा रंग बदलला की नाही, हे डोळ्यांना दिसे. तापवण्याची सारी क्रिया उघड्यावर होत होती. दोषाला लपायला जागाच नव्हती.

१०/
त्याच मानहाइम शहरात, बेंझ कंपनीत, प्रॉस्पर लोरांज नावाचा अभियंता दुसऱ्याच प्रश्नाशी झुंजत होता. डिझेलच्या मूळ रचनेत इंधन आत ढकलण्यासाठी जोरदार दाबाची हवा लागे आणि त्यासाठी जड कॉम्प्रेसर बाळगावा लागे. तो घेऊन मोटार धावणे अशक्य. लोरांजने १९०९ मध्ये पेटंट घेतलेला उपाय असा : मुख्य सिलिंडरच्या डोक्यावर एक लहानशी कोठडी करायची आणि इंधन तिच्यात फवारायचे. तेथे ते अर्धवट पेटते, दाब वाढतो, आणि जळते मिश्रण अरुंद छिद्रांतून स्वतःच मुख्य सिलिंडरमध्ये झेपावते. कॉम्प्रेसरची गरज संपली. इंजिन लहान झाले, आवाज सौम्य झाला.

११/
आणि उष्णतेची गळती वाढली. कोठडी म्हणजे आणखी भिंती, आणखी थंड लोखंड. शिवाय त्या अरुंद छिद्रांतून जाता-येता हवा निवते ती वेगळीच. ज्या युक्तीने डिझेल इंजिन मोटारीत बसले, त्याच युक्तीने ते थंडीत चालू होईनासे झाले. माझ्या मते या संपूर्ण इतिहासातली ही सर्वांत अर्थपूर्ण घटना आहे. हीटर प्लग हा डिझेलच्या कल्पनेतील उणिवेवरचा इलाज म्हणून सांगितला जातो. वस्तुतः तो लोरांजच्या कोठडीचा हिशेब चुकता करण्यासाठी आला. डिझेलच्या मूळ कल्पनेत त्याला स्थान नव्हते आणि फारशी गरजही नव्हती.

१२/
कोठडी आतून तापवायची कशी? लहान इंजिनांत एक जुनाट उपाय केला जाई : शोऱ्यात भिजवून वाळवलेला कागद गुंडाळून एका पोकळ खिळ्यात बसवायचा, पेटवायचा आणि कोठडीत खुपसायचा. तो धुमसत राही आणि पहिल्या फवाऱ्याला विस्तव देई. जर्मन कारागीर याला 'लुंटे' म्हणत. हा शब्द मुळात तोड्याच्या बंदुकीच्या वातीचा. म्हणजे आपली जामगीच! सतराव्या शतकातल्या गोलंदाजाच्या हातातली वस्तू विसाव्या शतकातल्या इंजिनात अशी शिरली. दुसरा उपाय विजेचा होता : जाड तारेचे एक वेटोळे कोठडीत उतरवायचे आणि बॅटरीच्या प्रवाहाने ते लालबुंद करायचे. हा ग्लो प्लग. आपल्याकडच्या गॅरेजांतला 'हीटर प्लग' तो हाच.

१३/
फेब्रुवारी १९३६. बर्लिनच्या मोटार प्रदर्शनात मर्सिडीज-बेंझने '२६० डी' ही डिझेलवर चालणारी प्रवासी मोटार मांडली. अडीच लिटरचे, ४५ अश्वशक्तीचे, चार सिलिंडरांचे इंजिन. कोठडी लोरांजच्या पद्धतीची आणि प्रत्येक कोठडीत एक हीटर प्लग. १९४० पर्यंत जेमतेम दोन हजार गाड्या बनल्या. त्यांतल्या कित्येक टॅक्सी म्हणून धावल्या, कारण शंभर किलोमीटरला साडेनऊ लिटर डिझेल हे गणित टॅक्सीवाल्यालाच सर्वांत आधी कळते.

१४/
युद्धानंतर हीच रचना शांतपणे रुजली, आणि तिच्यातली विजेची जोडणी आपल्या विषयाच्या केंद्रस्थानी आहे. चारही प्लग एकसर जोडलेले असत : बॅटरीतून निघालेला प्रवाह चौथ्या प्लगमधून तिसऱ्यात, तिसऱ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पहिल्यात आणि तेथून इंजिनाच्या लोखंडात. प्रत्येक प्लगच्या वाट्याला एक-दोन व्होल्ट येत, उरलेला भार एका रोधकावर पडे. जुन्या दिव्यांच्या माळेतला एक दिवा गेला की सारी माळ विझते, येथेही तसेच. एक तार तुटली की चारही प्लग थंड.

१५/
त्या माळेत आणखी एक मणी असे, आणि तो चालकासमोर बसवलेला असे. डॅशबोर्डवर छिद्रे पाडलेली एक धातूची टोपी, तिच्यामागे तारेचे वेटोळे. प्लग तापवणारा प्रवाहच या वेटोळ्यातून जाई, म्हणून प्लग लाल होत तसे तेही लाल होई. जर्मनीत लोक त्याला 'मीठदाणी' म्हणत, कारण ते हुबेहूब तसेच दिसे. चालकाने बटण एका टप्प्यापर्यंत ओढायचे, मीठदाणी लाल होण्याची वाट पाहायची, मग बटण दुसऱ्या टप्प्यापर्यंत ओढून स्टार्टर फिरवायचा.

१६/
हे वेटोळे वरवर पाहता एक साधा सूचक दिवा वाटतो. पण त्यात दिवा नव्हताच. तो त्याच साखळीचा एक दुवा होता आणि त्यामुळे त्याची साक्ष प्रत्यक्षदर्शी होती. ते तापलेच नाही, तर साखळी कुठेतरी तुटली आहे. ते नेहमीपेक्षा भरकन आणि प्रखर तापले, तर कुठल्यातरी प्लगमध्ये काजळी साचून प्रवाहाने जवळची वाट धरली आहे. अगदी मंद तापले, तर बॅटरी उतरली आहे किंवा सांधे गंजले आहेत. तिन्ही निदाने गाडीचे झाकण न उघडता, आसनावर बसल्या बसल्या होत.

१७/
तुटलेला प्लग कोणता हे ओळखण्याची रीतही सोपी होती. एकाने बटण ओढून धरायचे, दुसऱ्याने पेचकस घेऊन एकेका प्लगची दोन टोके क्षणभर जोडायची. ज्या प्लगला वळसा दिल्यावर मीठदाणी जिवंत होईल, तोच मेलेला. मात्र वळसा देऊन तसेच वाहन हाकणे महागात पडे : एका प्लगच्या वाटणीचे व्होल्ट उरलेल्या तिघांवर पडत आणि तेही लवकर जळत.

१८/
गारठ्यात हे सारे व्हायला मिनिटभर लागे. जर्मन लोकांनी त्या वाट पाहण्याला नाव दिले होते : 'रुडॉल्फ डिझेल स्मृतिमिनिट'. २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री अँटवर्पहून इंग्लंडकडे निघालेल्या जहाजावरून डिझेल नाहीसा झाला आणि पुढे समुद्रात त्याचा मृतदेह आढळला. त्याला रोज सकाळी गाडीत बसून मिनिटभर श्रद्धांजली वाहायची, असा हा काळा विनोद. आउग्सबुर्गला त्याचे इंजिन पहिल्यांदा चालले तेही मिनिटभरच, हा योगायोग विनोद करणाऱ्यांच्या मनात बहुधा नसावा.

१९/
टॅक्सीवाला आणि शेतकरी हे मिनिट सोसत. १९७३ च्या तेलसंकटानंतर डिझेलकडे वळलेला मध्यमवर्गीय गृहस्थ ते सोसायला तयार नव्हता. १९७६ मध्ये फोक्सवॅगनने गोल्फ ही लहान गाडी डिझेलमध्ये आणली, आणि डिझेलची तुलना आता थेट शेजाऱ्याच्या पेट्रोल गाडीशी होऊ लागली. शेजारी चावी फिरवून निघून जातो. आपण श्रद्धांजली वाहत बसायचे?

२०/
उत्तर आले पेन्सिलीच्या आकाराच्या प्लगमधून. उघड्या जाड तारेऐवजी बारीक वेटोळे एका बंद धातूच्या नळीत बसवले, भोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी ठासली. ही भुकटी उष्णता बाहेर जाऊ देते, वीज मात्र जाऊ देत नाही. असा प्लग बॅटरीचा जवळजवळ पूर्ण दाब एकटा पेलतो आणि काही सेकंदांत त्याचे टोक ८०० अंश सेल्सियसच्या वर जाते. चारही प्लग आता समांतर जोडता आले. मर्सिडीजनेही १९८० च्या सुमारास एकसर माळ सोडून हीच रचना स्वीकारली.

२१/
समांतर जोडणीत प्रवाहांची बेरीज होते. एक प्लग सुरुवातीला वीस-पंचवीस अँपिअर ओढत असेल, तर चार प्लग मिळून शंभरच्या घरात जातात. एवढा प्रवाह डॅशबोर्डपर्यंत आणून चावीच्या नाजूक स्विचमधून नेणे वेडेपणाचे ठरले असते. म्हणून रिले.

२२/
रिले हे या कथेतले सर्वांत वयोवृद्ध पात्र. १८३० च्या दशकात जोसेफ हेन्री या अमेरिकी शास्त्रज्ञाने दूरच्या दुबळ्या प्रवाहाने जवळचा प्रबळ प्रवाह चालू-बंद करून दाखवला, आणि तारायंत्राने ती युक्ती उचलली. लांबच्या तारेत क्षीण झालेला संदेश मधल्या ठाण्यावर नव्या बॅटरीच्या बळाने पुढे जाई. शब्दही तसाच आहे : मुळात तो टप्प्याटप्प्यावर तयार ठेवलेल्या ताज्या जनावरांसाठीचा. आपल्या डाकचौकीवर थकलेला घोडा बांधून ताजा सोडत, तसे. चावीतला किरकोळ प्रवाह रिलेतल्या चुंबकाला जागवतो, चुंबक जाड संपर्क जोडतो, आणि बॅटरीचा खरा प्रवाह इंजिनाशेजारच्या आखूड वाटेने प्लगांकडे धावतो.

२३/
रिलेच्या पेटीतच वेळ मोजणारे मंडल आले, इंजिनाच्या तापमानाचा अंदाज घेणारी सोय आली. किती सेकंद तापवायचे हे ठरवण्याचे काम चालकाकडून पेटीकडे गेले. आणि मीठदाणीच्या जागी आला एक पिवळा दिवा, ज्यावर वेटोळ्याचे चित्र असते.

२४/
चित्र वेटोळ्याचे, पण वेटोळे नव्हे! फरक येथेच पडला. पुष्कळशा गाड्यांत हा दिवा प्लगच्या साखळीत नसतो. तो पेटीतल्या घड्याळाला जोडलेला असतो. चारही प्लग जळालेले असले तरी तो ठरल्या वेळी पेटतो आणि ठरल्या वेळी विझतो. मीठदाणी साक्षीदार होती, हा दिवा कारकून आहे. काही उत्पादकांनी बिघाड जाणवताच दिवा पेटूच नये अशी रिले बनवली, हेही नमूद करायला हवे. पण दिवा न पेटण्याचा अर्थ चालकाला कोणी समजावून सांगितलेला नसे.

२५/
एक प्लग गेल्याने सारे बंद पडण्याचे दिवस संपले, ही मोठीच सोय झाली. तिची किंमत अशी की एक प्लग गेल्याचे आता कोणाला कळेना. इंजिन तीन सिलिंडरांवर खडखडत चालू होते, थोडा पांढरा धूर सोडते, अर्ध्या मिनिटात सुरळीत होते. मालक म्हणतो, थंडी आहे. मग दुसरा प्लग जातो. मालक म्हणतो, यंदा थंडी जास्त आहे.

२६/
आता महाराष्ट्र. मर्सिडीजच्या '२४० डी' या मोटारीतले २.४ लिटरचे 'ओएम ६१६' इंजिन ऐंशीच्या दशकात परवान्याने पुण्याच्या बजाज टेम्पोकडे, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्सकडे आले. मॅटाडोरमध्ये बसले, पुढे ट्रॅक्समध्ये बसले. युरोपातल्या टॅक्सीवाल्याचे आवडते इंजिन मराठवाड्यातल्या काळी-पिवळीत आणि कोल्हापूर-सांगलीकडच्या वडापमध्ये फिरू लागले. लोरांजची कोठडीही अर्थात त्याच्याबरोबर आली. म्हणूनच आपल्याकडे बर्फ पडत नसतानाही 'हीटर मारल्याशिवाय' ही गाडी सकाळी धड चालू होत नाही. कोठडीच्या इंजिनाला थंडी म्हणजे उणे अंशच लागतात असे नाही. रात्रभर उभे राहून लोखंड निवणे पुरेसे असते.

२७/
अशी गाडी सकाळी चालू होत नसेल तर काय पाहावे? इतिहासाच्या विद्यार्थ्याने गॅरेजमध्ये नाक खुपसू नये हे मान्य, पण आम्हाला पहिल्याच सत्रात साधनचिकित्सा शिकवतात : साक्ष देणारा त्या जागी हजर होता का, हे आधी विचारायचे. हीटरच्या दोषात नेमके हेच करायचे असते.

२८/
पहिला साक्षीदार धूर. स्टार्टर फिरत असताना धुराड्यातून पांढरा धूर येत असेल, तर इंधन आत पोहोचते आहे पण पेटत नाही. संशय हीटरवर घेण्यास आधार आहे. तरी सिलिंडरचा दाब कमी झाला किंवा स्टार्टर मंद फिरला तरीही असाच धूर येतो, हे विसरू नये. धूर मुळीच येत नसेल तर इंधनच पोहोचत नाही. नळीत हवा शिरली असेल, फिल्टर तुंबला असेल, पंपाची बंद करणारी झडप अडकली असेल. अशा वेळी चारही प्लग बदलणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी देणे होय.

२९/
दुसरा साक्षीदार रिलेचा 'टक्' असा आवाज, आणि हा साक्षीदार फसवा आहे. आवाज एवढेच सांगतो की चुंबक ओढला गेला. ज्या संपर्कांतून शंभरेक अँपिअर वाहायचे, ते जळून खड्डे पडलेले असू शकतात; पेटीतला सांधा तडकलेला असू शकतो; पुढची पट्टीसारखी फ्यूज केसाएवढी चिरलेली असू शकते आणि डोळ्यांना शाबूत दिसते. म्हणून आवाजावर विसंबू नये. चावी हीटरच्या टप्प्यावर असताना मल्टिमीटरची एक तार प्लगच्या वरच्या टोकाला आणि दुसरी बॅटरीच्या ऋण टोकाला लावावी. अकराच्या आसपास व्होल्ट दिसले तर रिले निर्दोष. शून्य किंवा चार-पाच दिसले तर दोष प्लगच्या अलीकडे आहे. रिलेच्या येणाऱ्या टोकाला, मग जाणाऱ्या टोकाला, मग फ्यूजच्या दोन्ही बाजूंना मीटर लावत गेले की व्होल्ट कोणत्या दोन ठिकाणांमध्ये हरवतात ते दिसते.

३०/
व्होल्ट पोहोचत असतील तर पाळी प्लगांची. चारही प्लगना जोडणारी पट्टी काढावी, कारण ती असताना एकाचा रोध मोजता येत नाही; समांतर जोडणीत चांगले प्लग वाईटाला पाठीशी घालतात. मग प्रत्येकाचे टोक आणि इंजिनाचे लोखंड यांमधला रोध पाहावा. चांगला प्लग एक ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी दाखवतो, मेलेला अनंत. मीटर नसेल तर बॅटरीच्या धन टोकाला जोडलेला तपासणीचा दिवा प्लगच्या टोकाला लावावा : पेटला तर वेटोळे अखंड. याहून खात्रीची साक्ष प्रवाहाची. प्रत्येकाच्या तारेभोवती अँपिअर मोजणारा चिमटा लावला की आळशी प्लग लगेच ओळखू येतो.

३१/
काढलेल्या प्लगचे टोक नीट पाहावे. ते एक दस्तऐवज आहे. टोक फुगलेले किंवा वितळलेले असेल तर हा नैसर्गिक मृत्यू नव्हे. एक तर रिलेचे संपर्क एकमेकांना चिकटले आणि चावी काढल्यावरही प्रवाह वाहत राहिला (अशा गाडीची बॅटरीही सकाळी रिकामी सापडते), किंवा त्या सिलिंडरचा नोझल फवारा न उडवता थेंब गाळतो आहे. कारण दूर न करता नवे प्लग बसवले तर तेही त्याच वाटेने जातात. आणि फुगलेला प्लग बाहेर काढताना मोडून आत राहिला तर सिलिंडर हेड उतरवण्याची वेळ येऊ शकते. इंजिन कोमट असताना, संयमाने, थोडे मागे-पुढे करीत काढणे हाच मार्ग.

३२/
रिले वारंवार जाते म्हणून ती काढून टाकून हीटरला थेट बटण बसवण्याची रीत जगभरच्या जुन्या गाड्यांत दिसते. आवडो न आवडो, हे एक प्रकारे मीठदाणीच्या काळात परतणेच आहे : निर्णय पुन्हा चालकाच्या अंगठ्याकडे. फक्त त्या काळी समोर लाल होणारे वेटोळे होते आणि आता काहीच नाही. पेन्सिल प्लगला दहा-बारा सेकंद पुरतात. मिनिटभर बटण दाबून धरणारा माणूस चार प्लगना एकदमच मूठमाती देतो. बटण बसवायचेच असेल तर ते रिलेच्या चुंबकाला जोडावे. प्लगचा प्रवाह बटणातून नेऊ नये, वायरिंग पेटते. आणि हीटर असलेल्या इंजिनात हवेच्या वाटेने ईथरचा फवारा कदापि मारू नये. तापलेल्या टोकाशी त्याचा वेळेआधीच स्फोट होतो आणि पिस्टन फुटू शकतो. एअर फिल्टर काढून पेटता बोळा धरण्याची जुनी युक्तीही याच कुळातली. तिने कित्येक गाड्या चालू झाल्या आणि काही पेटल्याही.

३३/
पुढचा इतिहास भरभर सांगता येतो. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ऑडीसारख्यांनी मोटारींत कोठडीच काढून टाकली आणि इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारले. १९९७ पासून कॉमन रेल आले. लोरांजची कोठडी गेली, भिंती कमी झाल्या, उष्णता वाचली. आता हीटर प्लगही जाणार असे वाटले असते. तो राहिला, पण दुसऱ्या कामासाठी : इंजिन चालू झाल्यानंतरही काही काळ तापत राहून धूर आणि खडखड कमी करण्यासाठी. जपानने सिलिकॉन नायट्राइडचे चिनी मातीसारखे कठीण प्लग आणले, तेही आता अनेक गाड्यांत आहेत. कितीही थंडी असली तरी वाट दोन-तीन सेकंदांची.

३४/
पिवळ्या वेटोळ्याचे चित्र तेवढे उरले. फोक्सवॅगनच्या अनेक डिझेल गाड्यांत ते चालताना लुकलुकू लागले तर मालक हीटर प्लग बदलायला धावतो. तेथे लुकलुकणाऱ्या चित्राचा अर्थ 'इंजिनाच्या नियंत्रणात कुठेतरी बिघाड' एवढाच असतो, आणि पुष्कळदा शोध संपतो तो ब्रेकच्या पेडलपाशी : मागचे लाल दिवे लावणारा, दोन बोटांएवढा प्लॅस्टिकचा स्विच खराब झालेला असतो.